घरच्यापेक्षा कमी भाव

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. म्हणाले, "सर, वकिलीतले चार गाजलेले खटले लिहून द्या." मी म्हटलं, बाबा रे, मी आयुष्यात एकदाही कोर्टात उभा राहिलेलो नाही. काळा कोट शिवला होता, तो अंगाला येईनासा झाला तेव्हा भाच्याला देऊन टाकला. मी भिवंडीच्या संध्याकाळच्या लॉ कॉलेजात आंतरराष्ट्रीय कायदा शिकवायचो, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपासून नव्वदीचं दशक सरेपर्यंत. मग त्यांनी विचारलं, "भिवंडीत?"

हा प्रश्न मला जन्मभर चिकटलेला आहे. पहिल्यांदा विचारला तो माझ्या आईनं. ती खारबावला राहायची. मला नोकरी लागली तेव्हा मोठ्या ऐटीत तिला सांगायला गेलो. तिनं विचारलं, "कंचा कायदा शिकवनार?" म्हटलं, देशादेशांमधला. "तिकडं आपली जमीन हाय का?" न्हाय, म्हटलं. "मग तुला काय करायचं त्याचं?" आईच्या या प्रश्नाला विद्यापीठातल्या कुठल्याच पुस्तकात उत्तर नव्हतं. मी पेढ्यांचा पुडा तिच्या हातात ठेवून उठलो.

माझा वर्ग भरायचा दिवेलागणीला. खिडकीबाहेर लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, खडखडाट अखंड चालू असायचा, त्यामुळे आमच्या कॉलेजातले सगळे मास्तर घसा फोडून बोलायचे. समोर दिवसभराचं काम उरकून आलेली माणसं बसत. कारखानदारांची मुलं, दापोड्याच्या गोदामातले कारकून, ट्रान्सपोर्टवाले. पहिल्या दोन बाकांवर पहाटेपासून राबलेले बसत, ते झोपले तर मी समजून घ्यायचो. तिसऱ्या बाकाच्या मागे कोणी डुलकी काढली की माझं डोकं फिरायचं, आणि खडू नेम धरून जायचा. एवढं तापट असणं मास्तराला शोभत नाही हे मला कोणी सांगायची गरज नव्हती, बायको रोज सांगायची.

एका वर्षी वर्गात एक हवालदार होते. ड्युटी संपली की गणवेशावरच येत. पहिल्याच तासाला त्यांनी हात वर केला. "सर, या कायद्याचा पोलीस कोण?"

"कोणी नाही."

"मग गुन्हेगाराला धरतो कोण?"

"बहुतेक वेळा कोणीच नाही."

त्यांनी शांतपणे वही मिटली आणि पिशवीत घातली. वर्ग हसला. मला राग आला, पण रागात कधीकधी डोकं बरं चालतं. मी विचारलं, हवालदारसाहेब, भिवंडीच्या बाजारात रोज किती कापडाचा सौदा होतो? म्हणाले, लई. त्यातला कागदावर किती? ते म्हणाले, कागद कुठला, दलाल फोनवर बोलतो आणि गठ्ठे हलतात. आणि एखादा शब्दाला फिरला तर तुमच्याकडे तक्रार येते का? येत नाही, म्हणाले. मग त्याचं काय होतं? आता उत्तर मागच्या बाकावरून आलं, एका कारखानदाराच्या मुलाकडून: "दुसऱ्या दिवशी त्याला कोणी सूत देत नाय." मी म्हटलं, देशांचंही तसंच. शब्द मोडणाऱ्याला बेड्या पडत नाहीत, पण त्याला सूत मिळेनासं होतं. हवालदारांनी वही पुन्हा बाहेर काढली. पुढे परीक्षेत त्यांनी हेच उदाहरण पानभर लिहिलं, आणि पेपर मीच तपासत असल्यानं त्यांना चांगले मार्क मिळाले.

अभ्यासक्रमात युरोपचा कायदा जवळजवळ नव्हताच. शेवटच्या प्रकरणात चार ओळी असतील. पण तो मी मनापासून शिकवायचो, निव्वळ हौस म्हणून. वाटायचं, बघा, एकमेकांची शहरं बेचिराख केलेले देश, आणि त्यांनी आपण होऊन आपले हात बांधून घेतले. तेव्हा त्यांच्या संघात बारा देश होते. हॉलंडच्या एका वाहतूक कंपनीनं जकातीवरून स्वतःच्याच सरकारला खेचलं आणि संघाच्या कोर्टात ती जिंकली, हा निकाल मी दर वर्षी सांगायचो. जकातनाक्यावर ताटकळण्यात ज्यांची निम्मी हयात गेली, त्या ट्रान्सपोर्टवाल्यांचे डोळे तो ऐकून चमकायचे. एक जण तर म्हणाला, सर, त्या कोर्टाचा पत्ता द्या.

असंच एका वर्षी हाच निकाल सांगून झाल्यावर तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. "सर, हरल्यावर ते सरकार त्या कंपनीशी नंतर नीट वागलं का?"

निकालाच्या नंतर काय झालं ते निकालात नसतं, आणि पुढची चौकशी करावी असं मला इतक्या वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं. ही झुलेखा. भिवंडीच्या जुन्या कोकणी मुसलमान घराण्यातली, इस्माईलशेठ कारखानदारांची मुलगी. त्या दिवसापासून मी तिच्यासाठी तयारी करून वर्गात जाऊ लागलो. बाकीच्यांना त्याचा फायदा झाला असेल तर तो त्यांच्या नशिबाचा भाग.

एलएल.बी. झाल्यावर ती मुंबईला विद्यापीठात एलएल.एम. करायला गेली. आंतरराष्ट्रीय आणि युरोपीय कायदा हेच विषय घेतले. घरात कोणी आडकाठी केली नाही. इस्माईलशेठ तर ज्याला त्याला सांगायचे, "माझी झुला युरोपचा कायदा शिकते. तिकडं आपला माल जातो ना." रविवारी ती झेरॉक्स केलेले निकाल घेऊन माझ्याकडे यायची. खरं सांगायचं तर तोवर शिकवायचं काम तिनं सुरू केलं होतं. मी फक्त चहा करायला सांगायचो. त्या कोर्टात न्यायाधीश कितीही असोत, निकाल एकच येतो, कुणाचं वेगळं मत छापत नाहीत, हे तिनंच माझ्या लक्षात आणून दिलं. म्हणाली, "आमच्या मोहल्ल्यासारखं आहे सर. आत वाटेल तेवढं भांडायचं, बाहेर एकच तोंड."

तिनं प्रबंधाला विषय घेतला डंपिंगचा. बाहेरच्या वाचकांना सांगतो. एखादा माल स्वतःच्या देशात एका भावानं विकायचा आणि परक्या देशात त्याहून कमी भावानं, याला डंपिंग म्हणतात. तसं केल्याचं दिसलं आणि त्यामुळे तिथल्या कारखान्यांचं नुकसान होतंय असं ठरलं, की युरोपवाले त्या मालावर जादा जकात बसवतात. त्या वर्षांत आपल्याकडच्या सुती कोऱ्या कापडावर, म्हणजे न धुतलेल्या न रंगवलेल्या कापडावर, अशी जकात बसवा अशी तिथल्या गिरण्यांची ओरड होती. आणि भिवंडी विणते ते नेमकं कोरं कापड.

झुलेखाचं म्हणणं असं, की भिवंडीच्या कारखानदाराला दोन भाव विचारणंच चूक आहे. कारण त्याला एकही भाव नसतो. व्यापारी सुताची बीमं, म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेले मोठे रूळ, पाठवतो, कारखानदार आपल्या लूमवर विणून देतो, कापड परत व्यापाऱ्याकडे जातं. कारखानदाराला मिळते ती विणण्याची मजुरी. जो माल विकतच नाही तो स्वस्त काय विकणार आणि महाग काय विकणार? युरोपचा कायदा गिरणी डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेला, त्यात हा माणूस कुठे बसतच नव्हता. मला हा मुद्दा इतका आवडला की तो मला का सुचला नाही म्हणून मी दोन दिवस तिचा हेवा केला.

त्याच वर्षी विद्यापीठात एका सत्रासाठी बेल्जियमचे एक प्राध्यापक आले. उंच, सडपातळ, बोलण्यात अतिशय मृदू आणि प्रश्नांत अजिबात नाही. सत्राच्या शेवटी ते एका विद्यार्थ्याला वर्षभर आपल्या विद्यापीठात नेणार होते, सगळा खर्च त्यांच्याकडून. बोलबाला दोघांचा होता, झुलेखाचा आणि मुंबईच्या एका मुलाचा. तिचा प्रबंध वाचून ते म्हणाले, "तुमचं म्हणणं नवं आहे. पण हे तुम्ही म्हणता. मला तो कारखानदार म्हणताना ऐकायचं आहे." झुलेखानं वडिलांना विचारलं. शेठ म्हणाले, आण सगल्यांना, जेवायलाच आण.

इथे इस्माईलशेठांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. एके काळी ते खरोखर शेठ होते. स्वतः सूत घ्यायचे, स्वतःच्या लूमवर विणायचे, स्वतःचं कापड विकायचे. मग एका वर्षी सुताचे भाव भडकले, कापडाचे पडले आणि भांडवल गेलं. लूम वाचले, पण ते मजुरीवर चालू लागले. निम्मी भिवंडी अशीच जगते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण शेठांच्या ते जिव्हारी लागलं होतं. ते अजून "माझा माल", "माझी पार्टी" असंच बोलायचे. मोहल्ल्याला सगळं माहीत होतं आणि मोहल्ल्यानं कधी तोंडातून शब्द काढला नाही. बायकामुलांनीही नाही. मला या गावाची ही रीत फार मोठी वाटते. माणसाचं गेलेलं त्याच्यासमोर कोणी मोजत नाही.

झुलेखाला वाटलं होतं, प्राध्यापक लूम बघतील, व्यापाऱ्याच्या नावाची बीमं बघतील, आणि अब्बांना थेट विचारायची वेळच येणार नाही. मलाही तसंच वाटलं. आम्ही दोघं कायद्याची माणसं, पण मेजवानीचा विचार आम्ही केलाच नव्हता.

भाड्याच्या मेटॅडोरनं प्राध्यापक आणि त्यांच्या वर्गातली मंडळी आली. काल्हेरजवळ ट्रकांच्या रांगेत अडकून घामाघूम झालेली. कारखान्याच्या ऑफिसात पांढऱ्या चादरी अंथरलेल्या, खिम्याचे समोसे, सांदणं, सरबत. शेठांनी इस्त्रीचा झब्बा घातला होता आणि अत्तर लावलं होतं. त्यांचं मराठी आणि प्राध्यापकांचं इंग्रजी यांच्या मध्ये दुभाष्या म्हणून मी बसलो. भिंतीपलीकडे लूम चालू होते.

प्राध्यापकांनी विचारलं, तुमचं कापड युरोपात जातं का?

"जाते ना," शेठ म्हणाले. "बेल्जमला जाते, इंग्लंडला जाते. सगलीकडं आपलाच कापड."

आणि भाव कसा लावता?

इस्माईलशेठ पुढे सरकले, त्यांनी प्राध्यापकांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मला म्हणाले, "साहेबांना सांगा, तुमच्या मुलखाला आमी घरच्यापेक्षा कमी भावात देतो. इथल्या गिऱ्हाइकाला नाय देत असा भाव. तुमच्यासाठी खास."

ज्यानं भिवंडीत कधी कापड घेतलंय त्याला हे वाक्य पाठ असेल. दारात आलेल्या प्रत्येकाला ते ऐकवतात, पानसुपारी द्यावी तसं. त्याचा भावाशी काडीचा संबंध नसतो, तो मान असतो. पण युरोपच्या कायद्यात डंपिंगची जी व्याख्या आहे, ती शेठांनी शब्दशः आपल्या तोंडानं कबूल केली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. घरच्यापेक्षा कमी भाव.

विद्यार्थ्यांमध्ये ज्यांना मराठी कळत होतं ते आधीच हसू लागले होते. मी सरबताचा घोट घेतला. मनात आलं, सांगून टाकावं की शेठ म्हणतात आमचे भाव वाजवी असतात. कोणाला कळणार आहे? मी इंग्रजी वाक्य जुळवायला लागलो तेवढ्यात झुलेखा हळू आवाजात म्हणाली, "सर, जसं बोलले तसं सांगा."

मी जसंच्या तसं सांगितलं. प्राध्यापकांनी लिहून घेतलं. मुंबईचा मुलगा आता उघड हसत होता. प्राध्यापक झुलेखाकडे वळले आणि म्हणाले, "तुमचा प्रबंध तर वेगळं सांगतो. साक्षीदार तुमच्यासमोर आहे. विचारा."

तिला एकच प्रश्न विचारायचा होता. अब्बा, हे कापड कोणाचं? त्याचं उत्तर आलं की प्रबंध उभा राहत होता, युरोपचं वर्ष मिळत होतं. पण ते उत्तर इस्माईलशेठांना द्यायला लागलं असतं पाहुण्यांसमोर, आपल्याच कारखान्यात, आपल्याच मुलीच्या तोंडावर. तिनं वडिलांकडे पाहिलं. ते खुशीत होते, समोशांची थाळी पुढे करत होते.

"मला या साक्षीदाराला काही विचारायचं नाही," झुलेखा इंग्रजीत म्हणाली.

प्राध्यापकांनी भुवया उंचावल्या, वही मिटली. ठीक आहे, म्हणाले, आता लूम बघू. मंडळी उठली. मला त्या पोरीचा राग आला, अभिमान वाटला आणि रडू आलं, सगळं एकदमच. मी शिकवलेल्या कायद्यात साक्षीदाराचा मान राखावा असं कुठे लिहिलेलं नव्हतं.

शेठांनी मला मागे थांबवलं. "सर, पोरं हसली कशाला? आनि झुलाचा तोंड असा का झाला?"

मी सांगावं की न सांगावं? सांगितलं. तुम्ही मानानं बोललात, पण त्यांच्या कायद्यात तोच आरोप आहे. तो खोडायला तिला तुम्हाला एक गोष्ट विचारायची होती, ती तिनं विचारली नाही.

"काय इचारायचा होता?"

मी भिंतीकडे पाहिलं, पलीकडे लूम चालू होते. बाजारात मुरलेला माणूस, त्याला फार वेळ लागला नाही. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि माझ्यापुढे चालत कारखान्यात गेले.

आत गेल्यावर त्यांनी हात वर केला. कामगारांनी एकेक करून लूम बंद केले. भिवंडीत भर दिवसा लूम थांबतात ते वीज गेली तर किंवा कोणी गेलं तर, त्यामुळे रस्त्यावरची माणसंही दारात डोकावली. त्या शांततेत शेठ सावकाश बोलले, आणि मी वाक्यावाक्यानं सांगत गेलो.

"साहेब, मघा बोललो ते पाहुना म्हनून बोललो. हा कापड माझा नाय. सूत माझा नाय. माझे फकस्त लूम. मजुरी घेतो. पयला माझा होता, आता नाय. भाव मला इचारू नका, मला म्हाईत नाय. माझ्या पोरीला सगला म्हाईत हाय. ती बोलली नाय, कारन मी तिचा बाप."

झुलेखा जमिनीकडे पाहत होती. मुंबईच्या मुलाचं हसू गेलं होतं. प्राध्यापकांनी एका बीमवर खडूनं इंग्रजीत लिहिलेलं व्यापाऱ्याचं नाव वाचलं आणि मला विचारलं, "मग यांनी कमी भाव का सांगितला?"

मी विचारलं. शेठांना प्रश्नच कळेना. "घरी आलेल्याला जास्ती भाव कोन सांगतो?" ते म्हणाले.

मी हे इंग्रजीत सांगितल्यावर प्राध्यापक मोठ्यानं हसले, पण ते हसणं वेगळं होतं. त्यांनी शेठांचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग कामगारांनी लूम पुन्हा चालू केले आणि कोणाला काही बोलायची सोय उरली नाही.

निवड झुलेखाची झाली. भिवंडीच्या मजुरीची पद्धत तिनं प्रबंधात नीट मांडली, आणि ते प्रकरण तिथल्या वर्गात वाचायला लावतात असं तिनं मला पुढे कळवलं. जादा जकातीचं पुढे काय झालं ते राजकारण वेगळं आहे, एका प्रबंधानं सरकारं हलत नाहीत. मी स्वतः युरोप पाहिलेला नाही. आता गुडघे म्हणतात, नकाशावरच बघा. याची खंत आहे, लपवून काय करू. मी वर्षानुवर्षं एका खंडाचा कायदा शिकवला आणि त्या खंडाची हवा कशी असते ते मला एका विद्यार्थिनीच्या पत्रांतून कळलं.

ती निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. इस्माईलशेठ जमिनीवर बसून तिच्या बॅगेचा पट्टा ओढत होते. मीच विषय काढला. म्हटलं, शेठ, त्या दिवशी तुम्ही तिची बाजू सावरलीत.

त्यांनी पट्टा आवळला आणि मुलीकडे न पाहता म्हणाले, "सावरली. पन ती चुकली. इचारायला पायजे होता. झुला, माझ्या घरात गप बसलीस, ठीक हाय, माझा मान ठेवलास. तिकडं कोनासमोर पन गप बसू नको. बाप असला तरी इचार."

"विचारू?" ती म्हणाली.

"इचार बोललो ना."

ती त्यांच्यासमोर खाली बसली. "मग तुम्हालाच विचारते. इतक्या वर्षांत घरात कोणी विचारलं नाही म्हणून विचारते. अब्बा, परत स्वतःचं सूत घ्यायचं अजून मनात आहे?"

इस्माईलशेठांचा हात बॅगेवर तसाच राहिला. आतल्या खोलीतलं बायकांचं बोलणं थांबलं. मला उठून जावंसं वाटलं, पण उठवेना. त्यांनी मान वर केली, मुलीच्या डोळ्यांत पाहिलं आणि म्हणाले, "हाय."